मेख किती घट्ट आहे?

मोरगावचे मयूरेश्वर मंदिर दुरून पाहिले तर मशिदीसारखे दिसते. भोवती उंच तटबंदी, चारही कोपऱ्यांवर मिनार. आक्रमकांची नजर चुकवण्यासाठी मंदिराला हे रूप दिले, अशी लोककथा गणेशभक्त सांगतात. दुसरा विचारही करता येतो. बहमनी काळापासून दख्खनमध्ये कमान, घुमट आणि मिनार ही गवंड्यांची रोजची भाषा होती. मशीद असो, मंदिर असो, वाडा असो की दर्गा, बांधणारे हात आणि त्यांची सवय एकच होती. या विषयावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला आज त्याच इमारतीकडे वेगळ्या कारणासाठी पाहायचे आहे. ती उभी कशावर आहे?

ती उभी आहे वजनावर. दगड खालच्या दगडावर बसतो आणि आपला भार जमिनीकडे सोपवतो. कमानीचे दगड एकमेकांना रेटतात, चुना त्यांच्यातील फट भरतो. दाब सगळीकडे आहे. ताण जवळपास कुठेच नाही. विजापूरचा गोल घुमट याच नियमाने साडेतीन शतकांहून अधिक काळ उभा आहे. जिथे दगड हलण्याची किंवा सुटण्याची भीती होती, तिथे जुन्या कारागिरांनी धातू वापरला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचे काम सुरू केले, तेव्हा पायाचे दगड शिसे ओतून बसवले असे सांगितले जाते. सिद्दींच्या जंजिऱ्याच्या तटाबद्दलही हीच आठवण आहे. लाटा दगडाला ओढत राहतात, म्हणून तिथे पकड हवी होती.

या पकडीला आपल्याकडे एक चांगला शब्द आहे. मेख. तो फारसीतून मराठीत आला. मूळ अर्थ खुंटी किंवा खिळा. तंबूची दोरी जिला बांधतात ती मेख. मराठीने त्याला आणखी एक अर्थ दिला. 'यात एक मेख आहे' म्हणजे वरून दिसत नाही अशी अडचण आहे. जहाज जागेवर धरून ठेवणाऱ्या वस्तूला उर्दूत लंगर म्हणतात, मराठीत नांगर. आजच्या बांधकामावरचे इंजिनिअर आणि मिस्त्री अँकर म्हणतात. काँक्रीटमध्ये रोवलेल्या पोलादी अँकरला मात्र मेखेचे दोन्ही अर्थ लागू पडतात. तो खुंटी आहे, आणि त्याची खरी अवस्था वरून दिसत नाही.

काँक्रीटची अर्धी ताकद

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे घट्ट झालेले मिश्रण दाबाला दगडासारखे टिकते. ओढले तर मात्र ते लवकर तुटते. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या भागाइतकी असते. म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यात लोखंड घालण्याचे प्रयोग सुरू झाले. फ्रान्समधील माळी जोसेफ मॉनिए याने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले. अमेरिकेचे थॅडियस हयात यांनी १८७७ मध्ये लंडनमध्ये आपल्या प्रयोगांची हकीकत छापली. १८८४ मध्ये अर्नेस्ट रॅन्सम यांनी पिळलेल्या सळईचे पेटंट घेतले, कारण गुळगुळीत सळई काँक्रीटमधून निसटते हे त्यांच्या लक्षात आले होते.

इथेच खरा प्रश्न उभा राहिला. सळई आत आहे म्हणजे ती धरून आहे, असे कसे मानायचे? उत्तर एकच होते, ती ओढून पाहायची. इलिनॉय विद्यापीठातील डफ अब्रॅम्स यांनी काँक्रीटमध्ये रोवलेल्या सळया यंत्राने ओढून त्यांची पकड मोजली आणि १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही पकड तीन गोष्टींतून येते. पहिली, सिमेंटचे सळईला चिकटणे. दुसरी, घर्षण. तिसरी, सळईवरच्या कडा काँक्रीटमध्ये अडकणे. पहिली लवकर संपते. मोठा भार दुसरी आणि तिसरी सोसतात. आपल्याकडे गुळगुळीत गोल सळई मागे पडली, पिळाची 'टॉर' आली आणि मग टीएमटी आली, त्यामागे हेच कारण आहे. जुने मिस्त्री अजूनही कुठल्याही चांगल्या सळईला टॉरच म्हणतात.

भारतीय मानक संस्थेने या परीक्षेची आपली पद्धत १९६७ मध्ये ठरवली. तिचा क्रमांक आयएस २७७०. काँक्रीटच्या ठोकळ्यात मधोमध सळई रोवायची, काँक्रीट पिकू द्यायचे, मग यंत्रात ठेवून सळईचे एक टोक ओढायचे. दुसऱ्या मोकळ्या टोकाला डायल गेज लावलेले असते. सळई ०.०२५ मिलिमीटर सरकली तेव्हा किती भार होता, हे टिपायचे. म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. डोळ्याला ही हालचाल दिसत नाही, पण पकड सुटू लागल्याची पहिली खबर तीच देते.

काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यात काही बसवायचे असेल तर? लंडनचे जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ मध्ये यासाठी तागाच्या धाग्यांचा प्लग काढला. भिंतीत भोक पाडा, प्लग ठोका, त्यात स्क्रू पिळा. प्लग फुगतो आणि भिंतीला धरतो. आपल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या पिशवीतील 'रॉल प्लग' हे त्यांचेच नाव. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग आणला. पुढे फुगणारे पोलादी बोल्ट आले आणि भोकात रसायन भरून सळई चिकटवण्याची पद्धत आली. तिला साइटवर केमिकल अँकरिंग किंवा रीबारिंग म्हणतात.

पाण्याच्या जोराला धरणारे पोलाद

मोरगाव बारामती तालुक्याच्या जिरायती भागात येते. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूरचा एक पट्टा उसाचा केला. मोरगाव-सुप्याकडचा पट्टा कऱ्हेकडे आणि आभाळाकडे पाहत राहिला. त्यामुळे या भागात धरण, कालवा आणि उपसा योजना हे घरगुती बोलण्याचे विषय आहेत. उपसा योजनेचा प्रत्येक पंप काँक्रीटच्या पायाला बोल्टांनी जखडलेला असतो. मोठी पाइपलाइन जिथे वळते, तिथे पाण्याचा धक्का झेलायला काँक्रीटचा अँकर ब्लॉक असतो. आपण पाण्याचे तास मोजतो, बोल्ट मोजत नाही.

नीरा कालव्यांना पाणी देणारे भाटघरचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. ते चिरेबंदी धरण आहे, आपल्या वजनाने पाणी अडवते. मोरगावच्या मंदिराचा आणि भाटघरचा नियम एकच. पण दरवाजांना हा नियम लागू होत नाही. दरवाजा हलका असतो, उचलावा लागतो, आणि तरी त्याला पाण्याचा पूर्ण जोर सोसावा लागतो.

इंदापूरच्या लोकांना उजनीचे दरवाजे माहीत आहेत. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाला ४१ वक्र दरवाजे आहेत. प्रत्येक १२ मीटर रुंद आणि ६.५ मीटर उंच. पाणी दरवाजाच्या माथ्याला टेकले की एका दरवाजावर किती जोर येतो, हा हिशेब शाळेच्या फळ्यावर करता येतो. तळाशी दाब सर्वांत जास्त, वर शून्य, म्हणून सरासरी उंची निम्मी धरायची: ६.५ गुणिले ६.५ गुणिले १२, भागिले दोन. उत्तर येते सुमारे २५० टन. वक्र दरवाजा हा भार आपल्या पोलादी बाहूंतून दोन बाजूंच्या बिजागरीवर टाकतो, म्हणजे एकेका बाजूला सव्वाशे टन. ती बिजागरी काँक्रीटच्या खांबात खोलवर रोवलेल्या पोलादाने धरलेली असते. पावसाळ्यात धरण भरल्यावर आपण पुलावरून फोटो काढतो तेव्हा तो फेसाळता देखावा या न दिसणाऱ्या मेखांवर टांगलेला असतो.

कोयना, १९६७

महाराष्ट्राच्या इतिहासात काँक्रीट आणि पोलादाच्या या नात्याची सर्वांत कठीण परीक्षा कोयनेला झाली.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात बांधलेले कोयनेचे धरण १०३ मीटर उंच आहे. रबल काँक्रीटचे, म्हणजे मोठे दगड काँक्रीटमध्ये बसवून केलेले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जलाशय भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. रमजानचा महिना चालू होता आणि ती सहेरीची वेळ होती, तेव्हा मुस्लिम घरांतील काही चुली त्या क्षणी पेटलेल्या असणार. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धक्का पुणे, मुंबई आणि गोव्यापर्यंत जाणवला.

धरण पडले नाही, पण त्याला तडे गेले. धरणाच्या मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच ठोकळ्यांना आडव्या भेगा पडल्या. काही ठिकाणी पाणी झिरपू लागले. धरणाचे गणित करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या पाच टक्के धरला होता. धरणातच बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे धरणाच्या आडव्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्म्याइतका धक्का नोंदवला. हे दोन आकडे तंतोतंत एका मापाचे नाहीत; तरी अंदाज आणि वास्तव यांच्यातील अंतर त्यातून कळते.

आता विचार करा. खाली कृष्णाकाठची गावे, वर भरलेला शिवसागर, आणि धरणाचा माथा आडव्या भेगेवर बसलेला. आतापर्यंत जे धरण केवळ वजनावर उभे होते, त्याच्या वरच्या भागाला आता खालच्या भागाशी बांधून ठेवायला हवे होते. इंजिनिअरांनी भेगांत इपॉक्सी हे चिकट रसायन दाबाने भरले. मग धरणाच्या माथ्यावरून खाली उभी भोके पाडून त्यांत पोलादी केबल सोडल्या. केबलचे खालचे टोक भेगेच्या खाली शाबूत काँक्रीटमध्ये सिमेंटने रोवले, वरचे टोक जॅकने ओढून ताणले आणि ताणलेल्या अवस्थेतच जखडून टाकले. ताणलेली केबल आखडू पाहते आणि वरच्या काँक्रीटला खाली दाबून धरते. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून पोलादाने त्याच्यावर दाब निर्माण करून ठेवला. पुढे १९७३ पर्यंत उंच ठोकळ्यांना मागून काँक्रीटचा जाड आधार दिला गेला. सांडव्याचा भाग त्यानंतर तीस-एक वर्षांनी मजबूत करण्यात आला.

ही युक्ती आधीपासून माहीत होती. धरणाला अशा ताणलेल्या अँकरने बांधण्याचा जगातील पहिला प्रयोग १९३४ मध्ये अल्जीरियात झाला. ओरानच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी बांधलेले एक दगडी धरण धोक्यात आले होते. फ्रेंच लिखाणात त्याचे नाव शेरफा; आपण उर्दूत ज्याला 'शुरफा' म्हणू, शरीफचे अनेकवचन, त्याच घराण्यातील हा शब्द. आंद्रे कोयन या फ्रेंच इंजिनिअरने धरणाच्या माथ्यातून खालच्या खडकात पोलादी तारांचे जाड जुडगे उतरवले आणि प्रत्येक जुडगा सुमारे १,००० टनांनी ताणला. मगरिबातील त्या धरणाची युक्ती सह्याद्रीत कामी आली.

या पद्धतीत एक गुण दडलेला आहे. केबल ताणणे हीच तिची परीक्षा असते. जॅकचा काटा भार दाखवतो आणि केबल किती लांबली ते मोजता येते. खालचे टोक नीट रोवले गेले नसेल तर ती तिथेच सरकते. शिवाय पुढे कधीही जॅक लावून पुन्हा ओढता येते. वरचे डोके बैठकीवरून जेमतेम सुटले की त्या क्षणी काट्यावर जो आकडा असेल, तोच केबलमध्ये शिल्लक राहिलेला ताण. याला लिफ्ट-ऑफ टेस्ट म्हणतात. बसवण्याच्या दिवशीचा आकडा आणि वीस वर्षांनंतरचा आकडा शेजारी ठेवला की काळाने किती खाल्ले ते कळते.

ओढून पाहण्याची रीत

धरणाची गोष्ट मोठी. पण हीच परीक्षा लहान बोल्टालाही देता येते. पुल-आउट टेस्टचे साहित्य एका जीपमध्ये मावते. मधून पोकळ असलेला जॅक, हातपंप, भार दाखवणारा काटा, तीन किंवा चार पायांची चौकट आणि सरक मोजणारे डायल गेज. बोल्टाला जॅक अडकवतात, टप्प्याटप्प्याने भार वाढवतात, ठरलेल्या भारावर काही मिनिटे थांबतात आणि सरक लिहून ठेवतात. साधारणपणे दोन प्रकारे हे काम होते. काही बोल्ट वापरातील भारापेक्षा ठरावीक जास्त भाराने ओढून पाहतात. ते पुढे वापरात राहतात. काही बोल्ट केवळ परीक्षेसाठी बसवतात आणि तुटेपर्यंत ओढतात.

तुटणे कुठे होते यावरून बरेच कळते. पोलाद तुटले तर पकड चांगली होती. बोल्ट भोकातून सरळ बाहेर आला तर चिकटणे कच्चे होते. बहुतेक वेळा भोकातील धूळ ब्रशने आणि हवेने साफ केलेली नसते. बोल्टासोबत काँक्रीटचा शंकू उखडून आला तर काँक्रीट कमकुवत होते किंवा बोल्ट उथळ बसला होता. कड फुटली तर बोल्ट कडेच्या फार जवळ होता. खोलीचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोली दुप्पट केली तर शंकूची ताकद साधारण पावणेतीन पट होते. ठेकेदाराने दोन इंच भोक वाचवले म्हणजे काय वाचवले आणि काय घालवले, ते यावरून समजेल.

या परीक्षेत फसवणुकीलाही जागा आहे. चौकटीचे पाय बोल्टाच्या अगदी जवळ टेकवले तर ते आजूबाजूच्या काँक्रीटला खाली दाबून ठेवतात. शंकू उखडूच शकत नाही आणि कच्चे काँक्रीट पास होते. फक्त चिकटण्याची ताकद पाहायची असेल तर तसे करतात. पण त्या आकड्यावरून संपूर्ण मेख घट्ट आहे असे म्हणता येत नाही. कागदावर आकडा येतो. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारणारा माणूस लागतो.

काळ नावाचा भार

दुसरी मर्यादा जगाने दोन बोगद्यांत पाहिली. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेत बॉस्टनच्या एका बोगद्यात छताची काँक्रीटची तावदाने कोसळून मोटारीतील एक महिला ठार झाली. ती तावदाने इपॉक्सीने चिकटवलेल्या अँकरवर टांगलेली होती. बसवताना ते अँकर ओढून पाहिले होते आणि ते पासही झाले होते. पण वापरलेले इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या जातीचे होते, आणि कायमच्या भाराखाली ते हळूहळू सरकत जाते, असे तपासात निघाले. काही मिनिटांची परीक्षा वर्षानुवर्षांच्या ओझ्याबद्दल बोलत नाही. बोगद्याचे काम चालू असतानाच काही अँकर सरकलेले दिसले होते. ते पुन्हा बसवले गेले. ते का सरकले, हा प्रश्न तिथेच सोडला गेला.

२ डिसेंबर २०१२ रोजी जपानच्या सासागो बोगद्यात छत कोसळून नऊ माणसे गेली. बोगदा १९७७ पासून वापरात होता. छत धरणारे बोल्ट वर, हाताला न पोहोचणाऱ्या जागी होते. दुर्घटनेच्या काही महिने आधी तपासणी झाली होती, पण ती डोळ्यांनी, खालून पाहून. हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची साधी रीतही त्या उंचीवर पाळली गेली नव्हती. जपानसारख्या शिस्तीच्या देशातली ही गोष्ट आहे, म्हणून ती अधिक बोचते.

आपल्याकडची मोजदाद

आता घराकडे येऊ. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ जाहिरातीचा लोखंडी सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चार जणांचा जीव गेला. सांगाडा काढण्याचे काम चालू होते आणि खालचा आधार आधी कापला जात होता. ज्या चौकात हे घडले त्याला शाहीर अमर शेख यांचे नाव आहे. कष्टकऱ्यांसाठी आयुष्यभर गाणाऱ्या शाहिराच्या चौकात रिक्षातली आणि दुचाकीवरची माणसे चिरडली गेली. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात वादळात आडोशाला थांबलेल्या पाच जणांवर असाच सांगाडा पडला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर सुमारे १२० फूट बाय १२० फुटांचा फलक कोसळून १७ जण गेले. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० ची होती. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार त्या भागात असा फलक ताशी १५८ किलोमीटर वाऱ्याला टिकायला हवा होता. पाया इतका अपुरा होता की तो ४९ ला टिकण्यापुरताच होता. त्या दिवशी वारा ८७ चा होता.

आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा पडला. अनावरण होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. पाय चौथऱ्यावर राहिले, वरचा भाग कोसळला. पडण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्र लिहून नट-बोल्ट गंजल्याचे कळवले होते. म्हणजे कुणीतरी पाहिले होते, लिहिलेही होते. समोरच्या पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. त्याच खाऱ्या वाऱ्यात, त्याच लाटांत, साडेतीनशे वर्षे. आपण महाराजांच्या नावाने घोषणा देतो, त्यावरून एकमेकांची निष्ठा तपासतो. त्यांच्या काळच्या बांधकामातील काळजी तपासणे मात्र राहून जाते.

या सर्व घटना एकाच प्रकारच्या नाहीत. कुठे पाया अपुरा होता, कुठे आधार कापला गेला, कुठे गंज आणि आतला कमकुवत सांगाडा होता. पण एक गोष्ट सगळीकडे दिसते. वरची वस्तू सर्वांना दिसत होती, तिला धरणारी वस्तू कुणी ओढून पाहिलेली नव्हती किंवा पाहिलेल्याचे कुणी ऐकले नव्हते.

आपल्या वस्तीत

हा विषय फक्त सरकारचा आणि ठेकेदारांचा आहे असे समजून सोडून देता येणार नाही. गावोगाव आपली मशीद, मदरसा, शादीखाना लोकांच्या चंद्यातून उभा राहतो. आधी पत्रा, मग स्लॅब, मग दुसरा मजला. मग जुन्या स्लॅबवर पाण्याची टाकी. मिनारावर भोंग्यांचे खांब. जमातखान्याच्या छताला पंख्यांचे हुक, आणि कुणी परदेशातून पैसे पाठवले तर मधोमध जड झुंबर. जुन्या कॉलममध्ये भोके पाडून सळया चिकटवतात आणि त्यावर नवा मजला चढतो. मंदिराच्या सभामंडपात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत याहून वेगळे घडत नाही. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. खेड्यातील प्रार्थनास्थळाच्या छताखाली शुक्रवारी किती माणसे बसतात, हे कुठल्याच दप्तरात नसते.

हे घर अल्लाहचे आहे, तो सांभाळील, असे म्हणणारे बुजुर्ग मला भेटतात. त्यांच्या श्रद्धेला माझा सलाम. पण उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवणही आपल्याच घरातली आहे. उंट बांधायची खुंटी घट्ट आहे का हे पाहणे त्या भरवशाच्या आड येत नाही.

काय करता येईल? मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. बांधकाम समितीने ठेकेदाराला तीन प्रश्न विचारावेत. चिकटवलेल्या सळया आणि बोल्ट यांपैकी काही ओढून पाहिले का? किती भाराने, किती वेळ? नोंद कुठे आहे? अभियांत्रिकी महाविद्यालये आणि खासगी प्रयोगशाळा ही परीक्षा करतात. शाळा, टाकी, पूल, फलक असे सार्वजनिक बांधकाम असेल तर माहितीच्या अधिकारात हेच तीन प्रश्न अर्जावर लिहिता येतात. महाराष्ट्राने हा कायदा २००२ मध्ये, देशाच्या तीन वर्षे आधी केला होता. त्याचा उपयोग आपण जमिनीच्या उताऱ्यापुरता ठेवू नये.

उत्तर म्हणून नुसते 'मजबूत आहे' आले तर समाधान मानू नये. गंज किती आहे, भोक किती खोल आहे, परीक्षा पुन्हा कधी होणार आहे, हे विचारावे. कोयनेच्या इंजिनिअरांना भरलेल्या धरणाखाली उभे राहून हेच विचारावे लागले होते, आणि त्यांनी उत्तर जॅकच्या काट्यावर शोधले.

प्रत्येक मशिदीच्या कमिटीकडे जमाखर्चाची वही असते. सिमेंटच्या किती गोण्या, सळई किती किलो, मिस्त्रीची मजुरी, कुणी किती चंदा दिला, सारे त्यात पै-पैसह लिहिलेले असते. त्याच वहीत आणखी एक ओळ असायला हवी: अमुक तारखेला, अमुक जागेचा बोल्ट, अमुक टनांनी ओढला, इतकी मिनिटे धरला, सरकला नाही. खाली ओढणाऱ्याची सही. आणि पुढच्या परीक्षेची तारीख.